परत आलेली पाळी

मला पहिली पाळी आली तेव्हा घरात फक्त आत्या होती. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला टाकली होती. तेव्हापासून ती कोल्हापुरात आमच्याकडेच असायची, घरामागच्या परड्यात बसून चपलांसाठी चामड्याच्या वेण्या घालायची. तिनं जुन्या लुगड्याची घडी माझ्या हातात दिली. मी रडतच विचारलं, "एवढं दुखायलाच पाहिजे काय गं?"

"समद्यास्नी दुखतंय. बाईच्या जातीला चालायचंच," ती म्हणाली.

तिचं स्वतःचं दुखणं आम्ही बघत आलो होतो. दर महिन्याला ती पोटाशी पाय घेऊन पोत्यावर पडायची. ओठ पांढरेफटक. आई म्हणायची, "तिचं तसंच असतंय." मग कधीतरी तिची पाळी गेली, आणि तिच्या अंगावर जरा मांस चढलं.

लग्न होऊन मी जयसिंगपूरला गेले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हा दुपारी डोक्याला तेल लावता लावता आत्या कानाशी वाकली.

"अगं, माझं परत सुरू झालंय की. तुला बघून माझ्या अंगालाबी आठवण झाली बघ!"

लाजली होती ती. शेजारी बसलेली आई म्हणाली, "म्हातारपणी काय हे थेर!" आम्ही तिघीही हसलो. वावगं कुणालाच वाटलं नाही.

माझी लेक महिन्याची झाली असेल. तिला न्हाऊ घालून उठताना आत्याला घेरी आली. पाट रक्तानं भरला होता. मी बाळ उचललं, आईनं तिला सावरलं, आणि रिक्षा करून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशी, पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"लई झाली."

"मग ही पाळी नव्हे. पाळी पूर्ण थांबल्यावर थेंबभर जरी दिसलं, तरी लगेच दाखवायचं असतं."

आत्या खुर्चीत पुढं सरकली. मग म्हणाली, "मग बरोबर काय असतंय, बाई?"

आणि ती विचारतच गेली. एवढ्या मोठ्या गाठी पडतात का? उभं राहता येत नाही इतकं दुखतं का? आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाला हे विचारलं होतं. बाई एकेक उत्तर देत होत्या. "थोडं दुखतं. इतकं दुखणं बरोबर नव्हतं, मावशी. त्यावर औषधं होती."

"आन् त्येच्यापायीच पोर झालं नसंल?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "असू शकतं. आता नक्की सांगता येणार नाही."

परतताना रिक्षात ती बाहेर बघत होती. स्टँडजवळ गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा म्हणाली, "म्हंजे मी आजारी हुतो की गं." तेवढंच. आईनं तिचा हात धरला.

तपासणीत गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. तो पसरला होता. मिरजेला नेऊन किरणांचे शेक दिले, त्यानं रक्त थांबलं, पण अन्न जाईना. माझी लेक भिंतीला धरून उभी राहायला लागली, त्या सुमारास आत्या गेली.

मातीला आलेल्या बायका विचारत होत्या, काय झालं हुतं? आई पदर तोंडाला लावून सांगत होती, "पोटाचं दुखणं हुतं."