जर्मनीतला मुलगा आणि लग्नाची वायर

मला पाहायला येणारा मुलगा जर्मनीत होता. तो येणार नव्हता; त्याचे आईवडील येणार होते, त्यांच्या धाड गावाहून, जीप करून. मुलाशी बोलणं माझ्या लॅपटॉपवर. पण तेवढ्याशा पडद्यावर आमच्याकडच्या सगळ्या काका-मावश्यांनी मुलगा पाहायचा कसा? मुलगी पाहण्याचा कार्यक्रम म्हणतात खरं, पण आमच्या मेहकरात मुलगाही तितकाच निरखून पाहिला जातो, फक्त त्याला तसं कळू देत नाहीत. तेव्हा मुलगा टीव्हीवर घ्यायचा, असं काकांनी जाहीर केलं.

काकांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. हल्ली लग्नात स्टेजवरचं सगळं जेवणाऱ्यांनाही दिसावं म्हणून पंगतीपाशी टीव्ही लावतात, आणि त्यासाठी काकांकडे एक लांबच लांब केबल आहे. एचडीएमआय वगैरे नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. ते तिला लग्नाची वायर म्हणतात.

आमचा टीव्ही सुताराने शोकेसमध्ये असा ठोकून बसवलाय की मागे हात जात नाही. बारीक हात ज्याचा त्याने घालायचा असं ठरलं, आणि घरात बारीक हात माझाच निघाला. म्हणजे जिला पाहायला पाहुणे येणार ती मुलगी नवी साडी नेसून, खांद्यापर्यंत शोकेसमध्ये घुसून उभी, आणि काका सोफ्यावरून हुकूम सोडताहेत.

"वरच्यात नाही वं, खालच्यात घाल. जोर लाव, काऊन भिऊन राह्यली?"

वायर बसली, तर टीव्हीवर सिग्नल नाही. बाबांनी टीव्हीला दोन चापट्या मारल्या. काकांनी रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली आणि दोष लॅपटॉपला दिला. शेवटी चित्र आलं तेव्हा पाहुण्यांची जीप दारात उभी होती, माझ्या डाव्या खांद्यावर शोकेसमधली सगळी धूळ होती, आणि काकांनी सक्त ताकीद दिली की आता काही झालं तरी त्या वायरला कोणी हात लावायचा नाही.

माझं म्हणणं एकच होतं. लोणारच्या बँकेतली नोकरी मी अभ्यास करून मिळवलेली. रोज एसटीने जाते-येते आणि मला ते आवडतं. ती सोडायची तर निदान नवऱ्यासोबत राहायला मिळावं. स्थळ आणणारे गुरुजी म्हणाले होते, "पोरगी थेट जर्मनीले जाईन." मला ते मुलाच्या तोंडून ऐकायचं होतं.

मुलगा टीव्हीवर आला. चेहरा एवढा मोठा की मावशी नकळत मागे सरकली. बाबांनी पगार विचारला, काकांनी तिथली थंडी विचारली, आणि मला कोणी काही विचारलं नाही. पोहे फिरले. मग गुरुजी म्हणाले, "आता दोघाईले जरा एकांतात बोलू द्या." आमच्याकडे यासाठी गच्चीवर पाठवतात. जर्मनीतल्या मुलाला गच्चीवर कसं न्यायचं?

"लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जाय," काका म्हणाले. मी वायर काढायला गेले तर ओरडलेच. "काढू नको! पुन्हा नाही लागनार. लांब हाये थे, चांगली पुरते."

वायर फटीतून घेऊन मी दार लोटलं आणि पलंगावर लॅपटॉप ठेवून बसले. मुलाने नमस्कार केला. ओठ समोर हलले आणि नमस्कार हॉलमधून ऐकू आला.

मला कळायला एक क्षण लागला. आवाज अजून टीव्हीतूनच येत होता. म्हणजे आमच्या एकांतातलं मुलाचं सगळं बोलणं, त्याच्या चेहऱ्यासकट, हॉलमध्ये चालू होतं. माझं बोलणं मात्र बाहेर जात नव्हतं. बाहेर पोह्यांच्या बशा वाजायच्या थांबल्या. वायर काढ, असं सांगायला कोणी उठलं नाही. उठायला हवं होतं मीच. मी उठले नाही.

"लग्नानंतर मी कुठे राहायचं?" मी विचारलं.

"धाडला," तो म्हणाला. "आईला सोबत लागते. मी दोन-तीन वर्षांत बघतो इकडचं."

"जरा मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

"धाडला! आईसोबत!" तो ओरडला. "तुझी नोकरी काय, सोडता येईल!"

बाहेर गुरुजी घाईघाईने म्हणाले, "नेटवर्कचा प्रॉब्लेम हाये हो."

मी दार उघडून हॉलमध्ये आले. सगळे जण पंखा पाहत होते. बाबांनी साळसूदपणे विचारलं, "मंग, झालं का बोलनं?"

"तुम्ही ऐकलंच की."

"छे! आमी काऊन ऐकू? आमी त पीकपाण्याचं बोलून राह्यलो होतो," काका म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला रडू यायला लागलं. दुसऱ्यांचा एकांत ऐकणं वाईट, म्हणून या सभ्य माणसांनी काही ऐकलेलं नव्हतं. मग नकार कशाच्या जोरावर द्यायचा? टीव्हीत तो मुलगा, मी पाणी प्यायला गेलेय असं समजून, दात तपासत होता.

तेवढ्यात त्याची आई उठली. आल्यापासून त्या बाईने तोंड उघडलं नव्हतं. ती तरातरा टीव्हीपुढे गेली.

"मले सोबत लागते म्हून तुले कोनं सांगतलं रे? म्या मांगतली का सोबत? लग्न तुले करायचं, अन् बायको माह्या घरात ठेवतं?"

दात तपासणं चालूच होतं. त्याला ऐकू जाणार कसं? माइक आत, लॅपटॉपपाशी. मी धावत जाऊन लॅपटॉप आणला आणि तिच्यासमोर धरला. "आता बोला," म्हटलं.

तिने सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा जास्त. काकांनी अब्रू वाचवायला वायर ओढून काढली. टीव्ही काळा झाला आणि मुलाचा आवाज एकदम लॅपटॉपमधून यायला लागला, बारीकसा: "आई, ऐक ना..."

"मी कितीक ऐकू?" ती सोफ्यावर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि शेजारची जागा थोपटली. "बस, बाई. तुले काय पाह्यजे थे तूच सांग याले."

त्या अख्ख्या कार्यक्रमात हे मला विचारणारी ती पहिली. मी तिच्याजवळ बसले आणि मुलाला सरळ सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही.

तिने लॅपटॉप मिटला. माझ्या खांद्यावरची धूळ पदराने पुसली आणि नवऱ्याला म्हणाली, "चाला." मुलगा मला पसंत नव्हता. त्याची आई फार पसंत पडली होती, पण तसा होकार द्यायची पद्धत आमच्यात नाही.