हात हुंगणारी आक्का

"हात आणा इकडं."

होडीत पाय टाकण्याआधी प्रत्येकाला हे ऐकावं लागायचं. मग तो कारखान्यातला हेल्पर असो की गाडीतून उतरलेला मोठा साहेब. आक्का त्याचे दोन्ही तळवे धरायची, नाकाजवळ न्यायची आणि डोळे मिटून हुंगायची. बाजारात मेथीची जुडी ताजी आहे का बघावं, तसं.

"काय लावलंय?"

"काही नाही. हँडवॉश."

"काही न्हाई कसं? सगळी बाग फुललीया. चोळा माती."

मग काठावर उकिडवं बसून साहेब हाताला गाळ चोळायचे. तंबाखू मळणाऱ्याला दोनदा चोळावा लागायचा. एक जण अंगावर सेंट मारून आला होता. त्याला तिने शर्टासकट पाण्यात डुबकी मारायला लावली आणि मगच होडीत घेतलं. तो दिवसभर ओल्या शर्टाने बसला, पण संध्याकाळी सगळ्यात मोठा मासा त्याच्याच गळाला होता.

तुमच्यापैकी कुणी शिरूरकडून घोड धरणाच्या पाण्यावर आलं असेल, तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. नऊवारीचा काष्टा, डोक्याला टॉवेल, होडीच्या पुढच्या टोकाला पाय दुमडून बसलेली. कारेगावच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी तिकडची माणसं गळ टाकायला यायची. होडी आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. ती कुठं थांबवायची, गळ किती खोल सोडायचा, ओढायचा कधी, हे सगळं आक्का सांगायची. उजाडताना निघायचं, दिवस कलल्यावर परत. मासा एकच धरायचा, शिंगटा. अंगाला खवला नाही, तोंडाला लांब मिशा, आणि काटा असा की लागला तर बाप्या माणूसही आईला हाक मारतो.

येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचा गुरुवार असायचा. आक्का त्यांना सांगायची, "धरा गुरवारी, खावा सुक्करवारी. देवाचं काय जातंय?" ती स्वतः मासा तोंडात घालत नव्हती. धनगराची लेक, मटणाच्या वासाने अर्ध्या गावातून येईल, पण शिंगटा म्हटलं की नाक मुरडायची. "मिशावाल्याला कोन खातं वो?" असं म्हणायची आणि होडीतल्या मिशीवाल्याकडे बघायची.

मासा न खाणाऱ्या बाईला माशाची एवढी माहिती कुठून आली? तर मेंढरांकडून. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटतं आणि तळ उघडा पडतो. तिथं कोवळं गवत येतं. लग्नाआधी ती बापाबरोबर त्या तळावर मेंढरं बसवायची. त्यामुळे आज ज्यावर पाणी आहे ते सगळं तिच्या पायाखालून गेलेलं होतं. भर पाण्यात ती हात वर करायची, "भाऊ, थांबवा. इथं खाली खड्डा हाय. माझी गाभण मेंढी पडली व्हती त्यात." गळ तिथं सोडला की खरंच ओढ लागायची. हात हुंगण्याची अक्कलही मेंढरांचीच. परक्या वासाचा हात कोकराला लागला की मेंढी त्याला पाजत नाही, असं ती सांगायची. "मेंढी येडी, तिला कळतंय. शिंगटा तर मिशीनं वास घेतोय."

आता माझं सांगते. मला ती आवडत नव्हती.

गावात कुणी काही वंगाळ बोलत असेल तर तसलं काही नव्हतं. आक्का आमच्या मालकांपेक्षा बारा वर्षांनी मोठी, पुढचे दोन दात पडलेले, आवाज फाटका. दरवर्षी न चुकता राखी बांधायची. तसलं काही असतं तर मला भांडता तरी आलं असतं. मला सलायचं ते वेगळंच होतं. आमचे मालक घरात चार शब्द बोलतात, त्यातला एक "हूं" असतो. पण गुरुवारी मी जेवणाचे डबे घेऊन काठावर जायची तेव्हा पाण्यावरून त्यांचं हसणं ऐकू यायचं. पाण्यावरून आवाज फार लांबून येतो. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली, मला ते हसणं काठावर उभी राहूनच कळलं.

आणि आक्का परक्या बाप्यांशी बोलायची. डोळ्याला डोळा देऊन, हात धरून बोलायची. माझ्याच्याने दुकानात साखर मागताना आवाज निघत नाही. दुकानदार दोनदा विचारतो, मग मी बोट दाखवते.

त्या सगळ्यात माझं काम एकच, चारा मळायचं. कोंबडीची आतडी बारीक कापायची, त्यात शेंगपेंड आणि कणीक घालायची, मळून घट्ट गोळा करायचा, तो रात्रभर डब्यात ठेवायचा. तो गोळा थोडा थोडा गळाला लावतात. बुधवारी संध्याकाळी मी मळायची आणि आक्का येऊन डबा बघून जायची.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा होता. त्या बुधवारी आमचे मालक गडबडीत होते. दुसऱ्या दिवशी कारेगावचा एक मोठा साहेब बायकोला आणि दोन-चार माणसांना घेऊन येणार होता. दिवस चांगला गेला तर पाऊस लागेपर्यंत दर गुरुवारी तो आपल्या खात्यातली माणसं पाठवणार होता. तेवढी होडी भरली असती तर आम्हाला नवीन इंजिन घेता आलं असतं.

"आक्का, उद्या सगळं तुझ्या नाकावर हाय," मालक म्हणाले.

"हात आना बघू."

भर अंगणात माझ्यासमोर तिने त्यांचे हात हुंगले. "बिडी वढली व्हय, भाऊ?"

आणि आमचे मालक हसले. शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून हसले. "एकच वढली गं."

मला चार वर्षं सांगत होते की बिडी सोडली म्हणून.

का कुणास ठाऊक, मी पण माझे हात पुढं केले. आक्काने बघितलंसुद्धा नाही. "वैनीचं काय हुंगायचं?" म्हणाली आणि त्या दिवशी डब्याची वाट न बघताच गेली.

कारखान्यातल्या झाडूवाल्याचा हातसुद्धा ती हुंगायची. माझा नाही. मी घरात गेले. दिवाळीत भावाने दिलेला चंदनाचा साबण तसाच कागदात होता. तो फोडला. मोरीवर बसून कोपरापर्यंत हात धुतले, फेस काढून काढून, तीनदा. मग चारा मळायला घेतला. चाऱ्यात मी काही घातलं नाही. देवाची शपथ, फक्त हात धुतले.

सकाळी निघायच्या वेळी साहेबांच्या बाई म्हणाल्या, आक्का तर पुढं टोकाला बसणार, एवढ्या पुरुषांत मी एकटी कशी बसू. मग मालक मला म्हणाले, "तू पन चल." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी दिवसभर होडीत बसणार होते, आणि तोच दिवस नेमका हा.

पहिल्या जागेवर दोन तास गेले. एकही ओढ नाही. आक्काने जागा बदलली. दुसरी जागा, मग तिसरी. ऊन डोक्यावर आलं. गळ वर काढला की चारा जसाच्या तसा. साहेबांची माणसं हळूहळू मोबाइल बघायला लागली.

"काय आक्का, माशांनाही गुरुवारची सुट्टी का?" साहेब म्हणाले.

सगळे हसले. आमचे मालक हसले नाहीत. ते इंजिनाच्या दांडीवर हात ठेवून नुसते आक्काच्या पाठीकडे बघत होते. मी ते तोंड बघितलं. मी आक्काची मान खाली घालायला निघाले होते. त्यापायी जाणारं इंजिन आमचं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आक्काने चाऱ्याचा डबा ओढला. झाकण काढलं. नाक आत घातलं. एकदाच.

मी साडीच्या काठाशी चाळा करत बसले. आता ती वळेल आणि सगळ्यांसमोर माझे हात मागेल असं वाटत होतं.

ती वळली ती साहेबांकडे. "चूक माझी हाय, साहेब. सकाळी आंघुळ केली, त्यो साबन हाताला ऱ्हायला. दुसऱ्याचं हुंगत बसले, आपलंच हुंगायचं राहिलं." आणि अख्खा डबा पाण्यात उपडा केला.

साहेब मांडीवर थाप मारून हसले. "म्हणजे आम्हाला चिखल चोळायला लावून स्वतः साबण लावून आलात?"

"व्हय की. म्हातारपन दुसरं काय."

तिने होडी काठाच्या उथळ पाण्याकडे घ्यायला लावली. काष्टा आवळून ती पाण्यात उतरली आणि डोक्याचा टॉवेल सोडला. "वैनी, या. चिंगळ्या धरू. जित्ता चारा शिंगटा सोडत न्हाई."

मी उतरले. गुडघाभर पाण्यात टॉवेलची दोन टोकं तिने धरली, दोन मी. होडी लांब होती, कुणाला ऐकू गेलं नसतं. आता बोलेल, आता बोलेल म्हणून मी वाट बघत होते.

"खाली धरा वैनी. अजून खाली. घाबरू नका, चिंगळी चावत न्हाई. हां, आता उचला."

टॉवेलमध्ये बोटाएवढे मासे तडफडत होते. तिला एवढा आनंद झाला की तिने माझ्या पाठीवर ओल्या हाताने थाप मारली.

त्या दिवशी दुपारनंतर चार शिंगटे लागले. एक साहेबांच्या बाईंनी ओढला, आणि त्या इतक्या ओरडल्या की काठावरचे बगळे उडाले. साहेबांची माणसं पाऊस लागेपर्यंत येत राहिली. इंजिनही आलं.

पण ती गोष्ट आक्काला चिकटली. हात पुढं करताना प्रत्येक जण म्हणायचा, "आधी तुमचा दाखवा, आक्का. साबण नाही ना लावला?" तीही तळवे पुढं करायची, दोन दात नसलेलं हसायची. मी काठावर डबे घेऊन उभी असायची. मला ते दर गुरुवारी ऐकावं लागायचं. तिने मला एक शिवी दिली असती तर मी मोकळी झाले असते. पुढच्या एका बुधवारी मी मुद्दाम हात तिच्यासमोर धरले आणि म्हटलं, "आक्का, हुंगा." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तिने माझे हात बाजूला केले. "राहू द्या. नाक आता पयल्यासारखं राहिलं न्हाई."

ते खोटं होतं. त्याच दिवशी मालकांची बिडी तिने दहा पावलांवरून ओळखली होती.

मागच्या थंडीत तिच्या छातीत कफ धरला. लेकीने तिला खुटबावला नेलं, औषधपाण्याला दौंड जवळ म्हणून. तिथंच ती गेली. आम्ही दहाव्याला जाऊन आलो.

आता होडीत कुणी हात हुंगत नाही. मासे लागतात, पण कमी. मालक जागा आठवून आठवून होडी थांबवतात. आणि गळ टाकून माणसं कंटाळली की त्यांना हसवायला आक्काच्या साबणाची गोष्ट सांगतात. तिचा फाटका आवाज काढून सांगतात.

परवाच्या गुरुवारी मीही होडीत होते. गोष्ट संपली, नवीन माणसं हसली. परत काठाला लागलो, माणसं गाडीत बसून गेली. मालक होडी बांधत होते.

मी म्हटलं, "अहो, साबण आक्काचा नव्हता. माझा होता."

दोन वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं आता आभाळ पडेल.

मालक दोर ओढत म्हणाले, "माहितीये."

"कसं?"

"आक्कानं त्याच सांजंला सांगितलं. म्हनाली, वैनीला इचारू नका. एवढा चारा मळनारं मानूस पुन्यांदा मिळायचं न्हाई. तिच्या हाताला मी कवा नाक लावलं न्हाई, इतका सोन्यासारखा हात हाय." त्यांनी गाठ मारली. "म्हनून मी ती गोष्ट तशीच सांगत ऱ्हायलो."

एवढं लांबलचक वाक्य ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. ते सुद्धा तिचंच होतं.

माझी चोरी मी उराशी धरून बसले होते आणि ती त्या दोघांनी केव्हाच आपसात वाटून घेतली होती. माझं कौतुकही आक्काने केलं ते त्यांच्याजवळ. मी शेजारी पाण्यात उभी होते, टॉवेलची दोन टोकं धरून. तिला ते तेव्हाच मला सांगता आलं असतं.