नवी नक्कल

शिंपीणबाई जगात एकाच माणसावर जळायच्या, स्वतःच्या नवऱ्यावर. मुलगा गेला तो दोघांचा, पण स्वप्नात यायचा फक्त त्याच्या.

नऊ वर्षांचं पोर तापाने गेलं, त्याला दोन वर्षं झाली. होता तेव्हा शाळेतून येताना जिन्यातच गिऱ्हाइकांच्या नकला सुरू करायचा. "मास्तर, कंबर सैलच ठेवा हं, आज जेवायला जायचंय," हे सगळं नाकातून.

आता सकाळी चहा पुढे ठेवताना बाईंचा पहिला प्रश्न, "आला होता?"

मास्तर बशीत बघत म्हणाले, "आला होता थोडा."

"थोडा म्हणजे? दारातूनच परत गेला?"

"नक्कल केली. त्या नव्या सुपरवायझरची. 'आतून एक चोरखिसा ठेवा, बायकोला कळता कामा नये.' हुबेहूब."

बाईंचा हात कपावरच राहिला. तो सुपरवायझर दुकानात पहिल्यांदा आला गेल्या महिन्यात. पोराने त्याला पाहिलंच नव्हतं. म्हणजे नवऱ्याकडे पोर नवीन नवीन शिकत होतं, आणि बाईंच्या वाट्याला आठवणीतल्या त्याच त्या धुऊन विटलेल्या नकला.

"ढाराढूर झोपता ना, म्हणून येतो," त्या पुटपुटल्या. मग दिवसभर बोलणं "टेप द्या", "खडू द्या" एवढंच.

त्यांच्याकडे होती ती फक्त सवय. शाळा सुटायच्या वेळी पाय मशीनवरून आपोआप उचलला जायचा. जरा वेळ जिन्याचा कानोसा, मग पुन्हा खडखड. मनाला कळलं होतं, पायाला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी त्या नेमका सुपरवायझरचा चोरखिसा शिवत होत्या. मास्तरांची कात्री मध्येच थांबली.

"अगं, आज तुझं मशीन थांबलं नाही."

बाईंनी खिडकीतून पाहिलं. शाळेची पोरं कधीच पांगली होती. पाय आत्ता कुठे मशीनवरून उचलला गेला.

"तुम्ही ऐकत होता?"

"रोज. मशीन थांबलं की वाटायचं, हिच्याकडे न चुकता येतो. माझ्याकडे आपला कधीमधी. जळायचो मी."

बाईंनी खिशाची शिवण बोटाने दाबून सपाट केली.

"ती सुपरवायझरची करून दाखवा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी घसा खाकरला आणि केली. अगदीच भिकार.

"नाकातून काय? तो माणूस घशातून बोलतो. आपल्या पोराने अशी केली असेल होय?" बाई उठल्या, पदर खोचला, पोट पुढे काढलं, आणि पोराने केली असती तशी करून दाखवली.