पाहुण्याच्या मानाचा चमचा

रोज सकाळी मी सोनाराच्या ऐटीत काटा मांडून कॉफीची पूड तोलतो. पंधरा ग्रॅम, कणभर कमी नाही की जास्त नाही. आज डबा उघडताच तो करपट वास आला आणि मी मनाने नांदूरघाटला, गावच्या आमच्या चुलीपाशी जाऊन उभा राहिलो.

तेव्हा पुण्याहून माझे सर घरी आले होते. मी आणलेली कॉफीची पूड वहिनीने चहासारखी शेळीच्या दुधात उकळली. माणशी एक मोठा चमचा आणि वर एक पाहुण्याच्या मानाचा, ही आमच्या घरची रीत.

"वहिनी, माप म्हणून काही असतं की नाही?" मी सरांकडे बघत हसलो. मला स्वतःला कॉफी कळून जेमतेम चार महिने झाले होते.

"पाव्हण्याला माप काहून लावायचं, भाऊजी?" एवढंच म्हणून ती खाली बघत राहिली. सरांनी गाळासकट कप संपवला. मी माझा तसाच ठेवला.

अजूनही गावी गेलो की चहा करताना वहिनी पत्तीचा डबा माझ्यापुढे धरते. "तुमीच टाका, भाऊजी. मला अंदाज न्हाई." सगळ्या घराला आयुष्यभर चहा तिनेच पाजलाय. तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं.