ईशान्येचा कोपरा

माझा थोरला भाऊ तोकुजी माझ्या घरी कधी स्वस्थ बसलाय असं मला आठवत नाही. चहा दिला की कप हातात घेऊन अंगणभर फिरणार. बस म्हटलं की, "बसलोच होतो की आत्ता," म्हणणार. पावसाळ्यात तर विचारूच नका. जून लागला की छत्री घेऊन रोज देवळात जायचं, तिमजली पगोड्याच्या ईशान्य कोपऱ्याखाली उभं राहायचं आणि मधल्या छपराकडे टक लावून बघायचं. अडतीस वर्षं त्याने हेच केलं.

हा पगोडा म्हणजे आमच्या ताम्बा भागाचं नाक. एकदा शेतकी सोसायटीने जगातल्या सुंदर इमारतींचं कॅलेंडर वाटलं. कुठे संगमरवर, कुठे काच, कुठे आकाशात घुसलेले मनोरे, आणि जूनच्या पानावर आमचा पगोडा. फोटो नेमका ईशान्येकडून काढलेला, कारण तिथूनच तिन्ही छपरांची वळणं एकावर एक देखणी दिसतात. दादाच्या घरी त्या वर्षी जून आलाच नाही. मे संपला की थेट जुलै. मी विचारलं तर म्हणाला, "पान फाटलं."

"आपोआप?"

"तुला काय करायचंय?"

खरं कारण मला पुढे कळलं, वहिनी गेली त्या वर्षी. दादा साल लावणारा कारागीर. हिनोकीच्या झाडाची साल पातळ पट्ट्यांत कापायची आणि एकीवर एक रचत बांबूच्या खिळ्यांनी ठोकायची, असं ते छप्पर. प्रत्येक ओळ खालच्या ओळीच्या जेमतेम अर्धं पेर वर सरकवायची. त्यामुळे काम मुंगीच्या पावलांनी चालतं, पण पाणी आत शिरत नाही. दादा सत्तावीस वर्षांचा असताना या पगोड्याचं छप्पर नवं झालं. कुसुमोतो मिस्त्री मुख्य होते. ते एका मयतीला गेले आणि त्याच दिवशी तुफानाची वर्दी आली. दादावर मधल्या मजल्याचा हा एक कोपरा सोपवलेला. त्याने प्रत्येक ओळ दुप्पट सरकवली आणि दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकलं. वरून बघितलं तर कोणाला कळायचं नाही. मिस्त्री परत आले, त्यांनी कोपऱ्यावरून हात फिरवला, "झालं का?" विचारलं. दादा म्हणाला, "झालं."

"मिसाए, आतला वासा कुजला असणार गं," तो मला म्हणाला. "चारशे वर्षांचं लाकूड. बाहेरून दिसत नाही, पण आत कुजतंय. मी कुजवलंय."

अशा छपराचं आयुष्य पस्तीसेक वर्षं. आता ते उतरवायची वेळ आली. दादा पासष्टीचा. जुना कोपरा आपणच उघडायचा आणि नवा आपणच लावायचा, एवढं एकच त्याच्या डोक्यात. वासा कुजला असेल तर तो आधी त्याला बघायचा होता, दुसऱ्या कोणी नाही.

आणि नेमके गेल्या हिवाळ्यात याचे दात गेले. वरचे सगळे.

ज्यांनी हे काम बघितलं नाही त्यांना वाटेल, दातांचा काय संबंध. कारागीर मूठभर खिळे तोंडात टाकतो. जीभ एकेक खिळा फिरवून टोक नीट करून ओठांत आणून देते, हात तो उचलतो आणि ठोकतो. हाताने एकेक खिळा घेत बसलात तर छप्पर नातवंडांच्या लग्नापर्यंत चालेल. दादाने कवळी बसवली, पण कवळीने टाळू झाकली आणि जिभेला काही कळेना. खिळे उलटे यायचे, गळून पडायचे. माझ्या शेडमध्ये येऊन चोरून सराव करायचा. खिळे मीच करते. बांबू चिरायचा, वाळवायचा, तुकडे पाडायचे, कढईत भाजायचे. माझ्या भाजलेल्या मालाची थुंकून थुंकून माती केली त्याने.

"कवळी काढून बघ की," मी म्हटलं.

"बोळक्याने? चारचौघांत? त्यापेक्षा मी मरेन."

असला हा नखरा. वहिनीला तरी त्याने बोळकं दाखवलं असतं का, देव जाणे.

आताचा मुख्य कारागीर हायामी, दादाच्याच हाताखाली शिकलेला. त्याने आदबीनेच सांगितलं, "तोकुजीसान, तुम्ही जुनी साल उतरवा, खाली बसून पट्ट्या कापा. खिळे ठोकणं आता आम्ही बघतो." दादा घरी आला आणि तासभर माझ्या अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

कोपरा उघडायच्या दिवशी सकाळी मी खिळ्यांची पोती घेऊन गेले आणि कोणाला न विचारता परांचीवर चढले. मला कोण अडवणार? दादाचा चेहरा पांढराफटक. हायामी आणि चार कारागीर मागे उभे. दादाने पहारीने पहिली ओळ उचलली, मग दुसरी, आणि थांबला.

"अर्धं पेर," तो पुटपुटला.

"काय?" हायामीने विचारलं.

दादा भराभर साल काढत गेला. प्रत्येक ओळ अर्धं पेर. शेवटी वासा दिसला. कोरडा, ठणठणीत. दादा वेड्यासारखा त्यावर हात फिरवत होता. "हे मी लावलेलं नाही," तो मला म्हणाला. "हे माझं काम नाही, मिसाए."

मी उतरवलेल्या सालीतला एक खिळा उपटला आणि उलटसुलट करून बघितला. मी डावखुरी. बांबूच्या सालीची बाजू समोर धरली की साऱ्या दुनियेच्या खिळ्यांच्या टोकाचा तिरका छाट उजवीकडे उतरतो, माझ्या खिळ्यांचा डावीकडे. हा डावीकडे होता. दुसरा उपटला, तोही. आणि जाड, ओबडधोबड. पण ते छप्पर झालं तेव्हा मी ओसाकात मोजे विकत होते. खिळे करायला सुरी हातात धरली ती त्यानंतर दोन वर्षांनी, आईकडे परत आल्यावर. माझं पहिलं पोतं बघून आई म्हणाली होती, "चुलीत घाल." तेवढ्यात कुसुमोतो मिस्त्री आले होते. म्हणाले, "मला दे. मला चालतील." कुठे लावणार विचारलं तर, "आहे एक जागा." मला वाटलं, पोरीला वाईट वाटू नये म्हणून नेले आणि कुठेतरी फेकून दिले.

मी हे दादाला सांगितलं. तो परांचीवर मटकन बसला.

"म्हणजे मिस्त्रींना माहीत होतं."

"दिसतंय की. एकट्याने चढून परत लावलं म्हाताऱ्याने. आणि तुला एका शब्दाने सांगितलं नाही. काय माणूस, तुला अडतीस वर्षं जाळत ठेवलं." मला खरंच संताप आला होता. मिस्त्रींना जाऊन सतरा वर्षं झाली, नाहीतर दारात जाऊन भांडले असते.

"नाही गं," दादा म्हणाला. "ते यायचे."

"कुठे?"

"पावसात. मी खाली उभा असलो की कधीकधी यायचे, शेजारी छत्री धरून उभे राहायचे. दर वर्षी एकच विचारायचे, 'तोकुजी, काही सांगायचंय का?' मी म्हणायचो, नाही." त्याने डोळे पुसले. "वीसेक वर्षं विचारलं त्यांनी. शेवटच्या वर्षी काठी टेकत आले होते. तेव्हाही मी नाहीच म्हटलं."

दादा उठला, कपडे झटकले आणि हायामीसमोर जाऊन कमरेत वाकला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हा कोपरा मी बिघडवला होता. तुफान येतंय म्हणून ओळी दुप्पट सरकवल्या आणि मिस्त्रींना खोटं सांगितलं. त्यांनी तो दुरुस्त केला. आजवर मी कोणाजवळ कबूल केलं नाही."

वाकलेला तो सरळ होईना. कारागीर एकमेकांची तोंडं बघत होते. हायामीने त्या कोरड्या वाशावरून एकदा हात फिरवला.

"मग आता नीट लावा," तो म्हणाला.

"मला खिळे..."

"ते तुमचं तुम्ही बघा. कोपरा तुमचा आहे."

दादाने माझ्याकडे बघितलं, मग त्या चौघांकडे. तोंडात बोटं घालून कवळी काढली आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात ठेवली. गाल आत गेले, एका क्षणात म्हातारा दिसायला लागला. मग त्याने माझ्या पोत्यातून मूठभर खिळे घेतले, तोंडात टाकले आणि कोपऱ्याशी मांडी घालून बसला.