आक्काचा रुमालाखालचा सौदा

माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीने मला फसवलं. वाशीच्या फळबाजारात मी हमाल म्हणून पेट्या उचलत आलो, आज स्वतःच्या गाळ्यावर बसतो. इतक्या वर्षांत कोकणातला एकही बागायतदार मला गंडवू शकला नाही. आक्काने ते कोपरखैरण्यात, तिसऱ्या मजल्यावर, चहा गाळता गाळता करून दाखवलं.

स्वतःच्या आजाराचा एवढा तोरा मिरवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पाच वर्षांपूर्वी तिच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली. ती गाठ इस्ट्रोजेनवर, म्हणजे बायकांच्या शरीरातल्या हार्मोनवर, पोसणारी निघाली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं आणि आक्काने ते सोसायटीच्या सभेत, पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना, सगळ्यांना ऐकवलं. "त्या पेशीत खुर्च्या असत्यात. रिसेप्टर म्हणायचं त्यास्नी. इस्ट्रोजेन येऊन बसलं की पेशी वाढाय लागती. म्हणून रोज गोळी. एसटीत खिडकीतनं आपण रुमाल टाकतो न्हवं, तशी ती आधी जाऊन जागा धरती. इस्ट्रोजेन ऱ्हातंय उभं!" वर सेक्रेटरीला म्हणाली, "बिनखुर्चीच्या बी गाठी असत्यात, तिथं ही गोळी चालत न्हाई. माझ्या गाठीत खुर्च्या भरपूर होत्या." सेक्रेटरीने तिचं अभिनंदन केलं. बिचारा दुसरं काय करणार!

गोळीने तिच्या अंगाची काहिली व्हायची. मग फ्रिजमध्ये डोकं घालून ती शेजारणीशी गप्पा मारायची. लाईट गेली की फर्निचरच्या एसी दुकानात जाऊन एकाच निळ्या सोफ्यावर तासभर बसायची आणि विक्रेत्याला सांगायची, "रंग बघतीय." दोन वर्षं ती रंगच बघत होती. शेवटी दुकानदार तिला चहा द्यायला लागला.

पण ही गोळी सुरू करायची तेव्हा ती अडून बसली होती. "पाच वर्षं रोज? मला न्हाई जमायचं." मी डॉक्टरांकडे घासाघीस केली. "तीन करा, साहेब." ते एक दिवससुद्धा सोडेनात. माझं डोकं फिरलं. मी बाहेर जाऊन तो राग पार्किंगवाल्यावर काढला.

घरी आल्यावर आक्काने माझ्या हातावर रुमाल टाकला. आमच्या बाजारात हापूसचा भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात, आणि एकदा ठरलं की माघार नाही. तिने माझी पाचही बोटं दाबली. "मी गोळी खाती तवर तू तंबाखू सोडायची. पाच वर्षं." तेव्हाही माझ्या गालात तंबाखूच होती. आक्काचा जीव की तंबाखू? मी बोटं दाबली.

तेव्हापासून बाजारात जाण्याआधी मी रोज तीन मजले चढलो. ती माझ्यासमोर गोळी गिळायची, जीभ बाहेर काढून दाखवायची आणि मग माझ्या तोंडाचा वास घ्यायची.

गेल्या आठवड्यात पाच वर्षं भरली. खिशात नवी पुडी घेऊनच मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "छान. आता ठरल्याप्रमाणे पुढची पाच."

"कुणाशी ठरलं?"

"ताईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दहा वर्षं लागतील म्हणून. तुम्ही तेव्हा पार्किंगमध्ये भांडत होता."

घरी येऊन मी घर डोक्यावर घेतलं. आक्का शांतपणे चहा गाळत होती. "धा म्हणले असते, तर पळाला असतास."

"आणि तू नाही म्हणाली होतीस, ते?"

"गोळी मी तशी बी खाणारच होते. पर तंबाखूनं आपल्या आबांच्या तोंडाचं काय झालं, ते आपण दोघांनीच बघितलंय. तुझ्यासाठी कुठली गोळी आणू?"

मी पुडी काढून तिच्या ओट्यावर ठेवली. तिने ती कचऱ्यात टाकली आणि माझ्यापुढे कप सरकवला.

पण हे मी सोडणार नाही. आणखी पाच वर्षांनी, याच स्वयंपाकघरात, रुमालाखाली हात घालून आक्काने मला या फसवणुकीचा जाब द्यायचा आहे. तिने स्वतः. दुसऱ्या कुणाचं उत्तर मी ऐकून घेणार नाही.