पाकट

आमच्या गावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी नवी बोट आली आहे. तिचं नाव ‘स्टिंगरे’. बाजूवर पंख पसरून हसणारा मासा रंगवला आहे. परवा तिथे मासे विकणाऱ्या शेवंतीकाकीला एका मुलीनं विचारलं, “मावशी, स्टिंगरे म्हणजे कुठला मासा हो?”

“पाकट,” सुरमई कापता कापता काकी म्हणाली. “तसो गरीब मासो. वाळूत पडान ऱ्हवता. पायाखाली इलो तरच मारता.”

“कित्ती गोड दिसतो!” म्हणत मुलगी बोटीसमोर फोटो काढायला पळाली.

बऱ्याच वर्षांपूर्वी काकीचे यजमान दत्ताराम कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत असताना त्यांचा पाय पाकटावर पडला. शेपटीचा काटा मांडीत खोल घुसला. बाहेर आणेपर्यंत वाळू लाल झाली होती. तालुक्याच्या दवाखान्याच्या वाटेवरच ते गेले.

या माशाचं नाव मोटारीला दिलंय, सायकलीला दिलंय, पाणबुड्या बुडवणाऱ्या अस्त्रालाही. नाव ठेवणाऱ्यांना त्याचा वेग आवडतो, डंखही आवडतो. काकीच्या घरात मात्र इतकी वर्षं ते नाव कुणी काढलं नव्हतं.

आता ते रोज घरी येतं. तिचा मुलगा संतोष तीच बोट चालवतो. दुसरं काम मिळालं नाही. त्याच्या शर्टाच्या पाठीवर तोच हसरा मासा आहे. काकी तो शर्ट स्वतः धुते आणि वाळत घालताना उलटा करते.

“उनान रंग जाता,” असं सांगते.